ताटावरून न उठणारी माणसं

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. शाळेत आम्हाला दोन अक्षरी शब्द शिकवत होते त्या वयात मी ओसरीवर पालथी पडून 'हुंडा घेणारा नवरदेव बाजारात उभा आहे' हे वाक्य अक्षर लावून वाचत होते. माझे बाबा पत्रकं काढायचे. दारूविरुद्ध, गुटख्याविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, लग्नातल्या मानपानाविरुद्ध. धाराशिवहून छापून गठ्ठे यायचे आणि आमच्या येडशीच्या घरी सगळे मिळून घड्या घालायचो. स्टीलच्या वाटीच्या कडेनं कागद दाबला की करकर असा एक कोरडा आवाज येतो. तो आवाज, स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा भोंगा आणि रामलिंगाच्या रानातून गच्चीवर उतरलेल्या वानरांना हाकलताना आईनं बडवलेला डबा, एवढ्या तीन आवाजांत माझं बालपण गेलं. त्या पत्रकांमुळे माझा असा ठाम समज झाला होता की, बोलणं पुरेसं जोरकस असलं की समोरचा माणूस माघार घेतो. हा समज मोडायला दिवाळीतले चार दिवस लागले, आणि तो मोडला तीन पत्तीच्या डावानं.

आमच्या घरात दिवाळीला दुपारी पत्ते असायचे. पैशाचं नाव नाही, चिंचोक्यांवर खेळ. तरी बाबा त्यात बसायचे नाहीत. उलट पहिल्या दिवशी सगळे सतरंजीवर जमले की ते उभे राहून जुगाराविरुद्धचं स्वतःचं पत्रक मोठ्यानं वाचायचे. सगळे हात जोडून ऐकायचे. थोरले काका, म्हणजे आमचे अण्णा, शेवटी म्हणायचे, "लई बेस लिव्हलंय. वाट रं दत्ता." आणि माझा चुलतभाऊ दत्तादादा पत्ते वाटायला घ्यायचा. बाबा आतल्या खोलीत जाऊन मुद्रितं तपासत बसायचे, पण दार उघडं ठेवून.

खेळायला आम्ही आठजण असायचो. अण्णा, काकू, दत्तादादा, आई, मी, शेजारच्या शमीमचाची, त्यांची मुलगी नसरीन आणि आत्या. चाची आल्या की त्यांच्या हातचा शीरखुर्म्याचा डबा यायचा, जाताना त्यात आमच्या चकल्या जायच्या. आत्या अण्णा-बाबांची थोरली बहीण. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या जिल्हा परिषद शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहायला आलेल्या. लग्न केलेलं नव्हतं. उंच, काटकुळ्या, आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायची सवय, जणू तिथं काही लिहिलंय.

आमच्या घरच्या डावाला दोन रिवाज होते, आणि दोन्ही आजोबांनी घालून दिलेले. एक असा की, हातात आलेले पत्ते कितीही भिकार असोत, पॅक म्हणून बाजूला व्हायचं नाही. आजोबा म्हणायचे म्हणे, की वाढलेल्या ताटावरून उठणं आणि वाटलेल्या डावातून उठणं सारखंच. वाढणाऱ्याचा अपमान होतो. बंदी अशी नव्हती, पण जो उठे त्याची दिवसभर टर उडायची. त्यामुळे आत्या सोडल्या तर सगळी माणसं प्रत्येक डावात शेवटपर्यंत बसायची. चार चाली झाल्या की सगळ्यांनी पत्ते उघडे करायचे, ज्याचे मोठे त्याचा ढीग. दुसरा रिवाज शब्दाचा. भाऊबिजेच्या दुपारी चिंचोके पितळी पेल्यानं मापायचे. ज्याचे जास्त, त्यानं घराकडं एक गोष्ट मागायची आणि घरानं ती पुढच्या दिवाळीपर्यंत पाळायची. काकूंनी एकदा ओटा उंच करून घेतला होता. शमीमचाचींनी त्यांच्या पत्र्यावर आलेल्या आमच्या लिंबाच्या फांद्या तोडून घेतल्या होत्या. बाकी बहुतेक वर्षं शब्द आत्यांचा असायचा. शब्द मोडलेला मी कधी पाहिला नाही.

त्या वर्षी मला तो हवा होता.

घराला रस्त्याकडून एक खोली आहे. तेव्हा तिच्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि एक मोडका कूलर होता. अण्णांनी ती मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाला द्यायचं ठरवत आणलं होतं. मला ती मुलींच्या अभ्यासिकेसाठी हवी होती. नसरीन तलाठी भरतीचा अभ्यास करत होती आणि तिच्या घरात एकच खोली, त्यात शिलाई मशीन आणि सहा माणसं. ती पुस्तक घेऊन स्टेशनातल्या फलाटावरच्या बाकावर बसायची. येणारे-जाणारे काहीबाही बोलायचे. एकदा कुणीतरी तिच्या पुस्तकावर पिचकारी मारून गेला, तेव्हापासून ती गाडी यायच्या वेळेला पुस्तक पोटाशी धरून उभी राहायची. तिच्यासारख्या गावात आम्ही पाच-सहाजणी होतो. धाराशिवला अभ्यासिका होत्या, पण एसटीनं अंधार पडल्यावर यायला कुणाच्याच घरून परवानगी नव्हती. खोली अण्णा आणि बाबा दोघांची. बाबांच्या मनात माझ्यासारखंच होतं, पण सगळ्या जगाला खडसावणारा हा माणूस मोठ्या भावासमोर तोंड उघडत नसे. राहता राहिला शब्द.

पहिल्या दिवशी मी लढाईला उतरल्यासारखी उतरले. हातात दुर्री, पंजी, अठ्ठी असताना पत्ते बघितले की न बघितलेच असा चेहरा करून दुप्पट चाल. पुन्हा दुप्पट. अण्णांच्या डोळ्याला डोळा देऊन तिप्पट. समोरचा घाबरेल आणि उठेल, एवढीच माझी युक्ती.

"पोरगी तापली आज," अण्णा म्हणाले आणि पत्ते न बघताच माझ्याएवढे चिंचोके टाकले.

"मोठे आलेत वाटतं हिला," काकू म्हणाल्या.

"मग उठा की काकू!"

"छे गं बाई. उठायचं कशाला? बघू तरी काय आलंय तुला."

बघू तरी! हे दोन शब्द त्या दुपारी मी इतक्या वेळा ऐकले की कानात बसले. चार चाली झाल्या, पत्ते उघडले आणि काकूंची नुसती राणी माझ्या अठ्ठीला खाऊन गेली. नसरीन तर पत्ते बघायचीच नाही. उघडताना तिलाही आमच्याइतकंच नवल वाटायचं. एकट्या आत्या डावामागून डाव पत्ते खाली ठेवून 'पॅक' म्हणत होत्या आणि दरवेळी दत्तादादा ओरडत होता, "उठल्या, उठल्या! आत्या ताटावरनं उठल्या! हात धुवायला पानी द्या कुणीतरी!" आत्या अडकित्त्यानं सुपारी कातरत बसायच्या. दिवस संपला तेव्हा माझ्यासमोर मूठभर चिंचोके उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आत्यांना गाठलं. त्या धपाटी थापत होत्या. ओल्या फडक्यावर पीठ, बोटांची भोकं, तव्यावर उलटं टाकून फडकं सोडवणं, सगळं एकाच लयीत चाललं होतं.

"आत्या, शब्द तुम्ही जिंकणारच. तर माझ्यासाठी खोली मागा ना."

"मी कशाला मागू?"

"मुलींसाठी. तुम्ही शिक्षिका आहात. तुम्हाला तर..."

"पत्रक वाचू नको माझ्यापुढं," त्या म्हणाल्या, पण चिडून नाही. "मी मागितली तर ती माझी खोली होईल. उद्या अण्णानं माझ्यापाशी बसून चार गोड शब्द बोलले की गेली. तुला पाहिजे ना? मग तू जिंक."

"कशी जिंकू? कुणी उठतच नाही!"

आत्यांनी पहिल्यांदा माझ्या कपाळावरून नजर खाली आणली. "हे तुला कळालंय. मग तू त्यांना उठवायला का जातीस?"

मी पाट ओढून तव्यासमोर बसले.

"ऐक. वाशीला आम्ही सुट्टीच्या दिवशी खेळायचो. सगळे मास्तर. लई भित्रे. जोडी हातात असली तरी दहादा इचार करायचे. तिथं मी हातात काय बी नसताना जिंकायचे. नुसती ताठ बसून चाल टाकली की उठले चारजण. इथं तसं केलं तर? ही माणसं बघायला बसलीत. ह्यांना हरायचं दुःख न्हाय, न बघता उठायचं दुःख हाय. बघायला बसलेल्या माणसाला थाप मारून काय उपेग?"

त्यांनी धपाटं उलटलं आणि बाकीचं सांगून टाकलं. दोघंतिघं खेळत असतील तर पंज्यांची जोडीसुद्धा पुरते, आठजण बसले की कुणाकडे तरी तिच्याहून मोठं निघतंच. तेव्हा लहान जोडीवर जीव टाकायचा नाही. बरेचसे डाव सोडून द्यायचे. आणि चांगलं आलं की लपवायचं नाही, पहिल्या चालीपासून भरपूर टाकायचं, कारण कुणी पळून जाणार नाही. "इथं खरं बोललेलं चालतं," त्या म्हणाल्या. "खरं बोललं तरी सगळे येतात संगं. असं गिऱ्हाईक कुठं मिळतं?"

"आणि चांगले पत्ते येऊनसुद्धा हरले तर?"

"हरशील की. आठजण हायत. हरलीस की चिडू नको. चिडलेला माणूस पुढचा डाव मागच्या डावासाठी खेळतो." एवढं बोलून त्यांनी गरम धपाट्यावर लोणी घालून ताटली माझ्याकडे सरकवली. "खा. आणि दत्ता बोंबलायला लागला की हसायचं. त्याला उत्तर द्यायचं न्हाय."

आज माझे लेख छापून येतात तेव्हा लोक म्हणतात की मी आता पूर्वीइतकी तडकत नाही. माझा राग होता तेवढाच आहे. तव्यासमोर बसून शिकलेली एक गोष्ट मी पाळते एवढंच: समोरचा कोण आहे, तो घाबरून उठणारा आहे की बघायला बसलेला, हे आधी ठरवायचं. आत्यांनी मला हे पत्त्यांविषयी सांगितलं होतं. बाकीचा अर्थ मी नंतर लावला, आणि तो लावल्याचं त्यांना कळलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, पत्रक वाचू नको.

त्यानंतरचे दोन दिवस मी ताटावरून उठले. सांगायला सोपं वाटतं. वीस वर्षांची मुलगी, जिला गप्प बसायचं माहीतच नाही, ती डावामागून डाव पत्ते पालथे ठेवून म्हणतेय, 'पॅक'. दत्तादादाला तर पर्वणीच.

"आत्याला चेली मिळाली! अण्णा, घरात दोन उपासवाल्या झाल्या!"

"काय गं, खेळायचं तर खेळ नीट," आई म्हणाली. तिला माझी खरोखर लाज वाटत होती. चाची समोर होत्या. दुपारी जेवायला येसर आमटी आणि भाकरी होती, ती वाढतानाही काकूंनी मला विचारलं, "ह्या ताटावर तरी बसणार ना?" सगळे खदखदून हसले. मीही हसले. मग एकदा तिन्ही पत्ते किलवरचे, म्हणजे कलर आला. पहिल्या चालीपासून दुप्पट टाकत गेले आणि सगळे आनंदानं माझ्यामागं आले. त्या एका डावात सकाळपासून सोडलेलं सगळं भरून निघालं. तेव्हा मी आत्यांकडे बघितलं, तर त्या सुपारी कातरत होत्या.

भाऊबिजेच्या दुपारी माझ्याकडे आत्यांच्या खालोखाल चिंचोके होते आणि अण्णांकडे माझ्याएवढेच. अण्णा नशिबावर खेळायचे आणि त्या दिवाळीत नशीब त्यांच्या मांडीवर बसलं होतं. मोबाइलवाला सकाळीच खोलीचं माप घेऊन गेला होता. शब्द मिळाला तर आज संध्याकाळीच किल्ली देतो, असं अण्णा उघड म्हणत होते, आणि ते ऐकताना नसरीन पत्ते पिसत खाली बघत होती.

मला एक्क्यांची जोडी आली. भरपूर टाकलं. चार चालींनंतर पत्ते उघडले, आणि नसरीननं न बघता धरलेल्या पत्त्यांत तीन तिऱ्या निघाल्या. तिन्ही सारख्या! सगळं घर ओरडलं. नसरीननं जीभ चावली. "या अल्ला, सॉरी!" ती म्हणाली, कारण ज्या मुलीसाठी खोली हवी होती तिनंच माझा ढीग ओढून नेला होता. माझ्या कानशिलाच्या शिरा उडायला लागल्या. पुढचे पत्ते वाटले. सत्ती, चव्वी, राजा. माझा हात चिंचोक्यांकडे गेला होता. टाकावं दुप्पट, दाखवावं सगळ्यांना. मग मी हात मागे घेतला आणि म्हणाले, "पॅक." त्या दिवाळीत मी खेळलेला तो सगळ्यात चांगला डाव होता, असं मला अजूनही वाटतं.

शेवटचा डाव वाटला तेव्हा उन्हं ओसरीच्या पायरीवर आली होती. मी पत्ते बघितले. दश्शी, गुलाम, राणी. रंग वेगवेगळे, पण लागोपाठ. कलरच्या वरचं, तीन सारख्यांच्या खालचं. मी पहिलीच चाल होती नव्हती तेवढी मोठी टाकली आणि म्हणाले, "अण्णा, माझ्याकडे खरंच आहे. उठा."

"आता उठवतीय मला!" अण्णा खूश झाले. "न बघता येतो. ये!"

काकू आल्या. दत्तादादा स्वतःचे पत्ते बघून छाती काढून आला. चाची, आई, नसरीन, सगळ्या आल्या. आत्यांनी त्यांचे पत्ते उचलले, बघितले, माझ्या कपाळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पॅक."

चार चाली झाल्या. काकूंची अठ्ठ्यांची जोडी. दत्तादादाचा इस्पिकचा कलर. त्यानं तो आपटलाच सतरंजीवर. अण्णांनी एकेक पत्ता उलटला: एक्का, राजा, आणि तिसरी पंजी. मग मी माझे तीन पत्ते सरळ ठेवले. "व्हय की," अण्णा म्हणाले. "खरंच होतं की हिच्याकडं."

पेल्यानं मापलं. आत्यांचे संपले तरी माझे उरले.

शब्द मागण्यासाठी मी तीन परिच्छेद पाठ केले होते. स्त्रीशिक्षण, सार्वजनिक जागा, सगळं त्यात होतं. उभी राहिले आणि एवढंच बोलले: "रस्त्याकडची खोली. मुलींना बसून वाचायला."

अण्णांचा चेहरा उतरला. "मी त्या माणसाला शब्द दिलाय गं. गावात तोंड दाखवायचंय मला."

त्यांचंही खरं होतं, आणि ते मला तेव्हाही कळत होतं. मग आतल्या खोलीच्या दारात बाबा दिसले. हातात मुद्रितं तशीच. मोठ्या भावाकडे न बघता, जमिनीकडे बघत ते म्हणाले, "अण्णा, घरातला शब्द आधी." बाबांनी आयुष्यात काढलेलं ते सगळ्यात लहान पत्रक.

अण्णांनी बराच वेळ पत्ते गोळा केले. "बरं," ते शेवटी म्हणाले. "त्याला मी सांगतो. पण गुढीपाडव्यापर्यंत पोरी आल्या न्हायत तर मी कुलूप घालणार."

संध्याकाळी आत्या भावांना ओवाळायच्या तयारीत वाती वळत होत्या. मी जवळ बसले. एक शंका मनातून जात नव्हती.

"आत्या, शेवटच्या डावात खरंच काही नव्हतं तुमच्याकडे?"

"नव्व्यांची जोडी होती."

"मग उठलात का? माझ्यासाठी?"

"येडी हायस का?" वात त्यांच्या तळहातावर थांबली. "दोन दिवस तू हातात असल्याबिगर चाल टाकली न्हायस. टाकलीस म्हणजे मोठं असणार. नव्व्यांच्या जोडीनं तुझ्यापुढं मरायला मी काय दत्ता हाय? मी जिंकायलाच बसले होते गं. मला बी खोली पायजे होती."

"कुठली?"

"तीच. रस्त्याकडची." त्या साधेपणानं सांगत होत्या, भाजीचा भाव सांगावा तशा. "वाशीला भाड्याची का होईना, माझी खोली होती. दार लावून वाचायचे. इथं मधल्या घरात झोपते. सगळ्यांची ये-जा. या वर्षी मागणार होते."

"मग मला शिकवलंत कशाला?"

"शिकवणं माझं काम हाय. अन् तुला खेळता यायला लागलं म्हणून मला काय वाईट पत्ते येत न्हायत." त्यांनी वात तेलात बुडवली. "हरले. पुढच्या दिवाळीला बघू. ऊठ, तुझ्या बापाला हाक मार. पाट मांडलाय."

मी आजवर निर्धाराची पुष्कळ माणसं बघितली, मोर्चात, सभांत, उपोषणाच्या मांडवात. स्वतःला हवी असलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात जाऊ शकेल असा खेळ त्याच माणसाला मन लावून शिकवायचा, मग त्याच्याविरुद्ध पूर्ण ताकदीनं खेळायचं, हरल्यावर वाती वळत बसायचं, असं माणूस मला पुन्हा भेटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि नसरीननं गोण्या काढल्या, फरशी धुतली. बाबांनी उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत 'मुलींची अभ्यासिका' लिहून दारावर चिकटवलं. नसरीन पुस्तक उघडून बसते न बसते तोच आत्या आल्या. काखेत वळकटी, हातात चष्म्याचं घर आणि एक जाडजूड कादंबरी. अण्णा दारातच उभे होते, कुलपाची वाट बघत असल्यासारखे.

"अक्का, तू कुठं?" ते म्हणाले. "ही खोली पोरींसाठी हाय."

आत्यांनी त्यांच्या कपाळाकडे बघितलं.

"मग मी काय पोरगा हाय का?" त्या म्हणाल्या, आणि खिडकीखालच्या सगळ्यात उजेडाच्या जागी वळकटी सोडून त्यांनी दार लोटून घेतलं.